कार्ड क्रमांक ४१८

१ नोव्हेंबर १९८७, रविवार. मुलुंड.
जागा झकास मिळाली. दुसरा मजला, खिडकीबाहेर शेवग्याचं झाड, आणि कांजूरच्या कंपनीत जायला बस अगदी दारात. विद्याधरकाका आमच्या ज्ञातीचं वधूवर मंडळ घरातूनच चालवतात. आईनं त्यांना पत्र टाकलं, म्हणून ही खोली. भाड्याचं नावही काढू नकोस म्हणाले. त्यांच्या मुलानं परदेशातून आणलेला कॉम्प्युटर सहा महिने हॉलमध्ये टेबलक्लॉथखाली बसून आहे. तो चालता करायचा आणि मंडळाची कार्डं त्यात भरायची, एवढंच माझ्याकडे. सुनंदाकाकू त्याला रोज हळदकुंकू वाहतात. की-बोर्डच्या फटींतलं कुंकू मी दाढीच्या जुन्या ब्रशनं काढलं. गुडघ्याला बाशिंग बांधलेली अकराशे माणसं आणि भटजी मी एकटा!

४ नोव्हेंबर, बुधवार.
तुळशीची लग्नं लागली, म्हणजे मंडळात आता गर्दी. ऑफिसातून आलो की चहा घेऊन बसतो. मजकूर मराठी, अक्षरं इंग्रजी. नाव, जन्मवेळ, उंची, रंग (गव्हाळ लिहिलं असलं की काय ते समजायचं), मग आलेले नकार आणि त्यांची कारणं. नकार देणाऱ्याचं नाव कार्डावर नसतं, फक्त त्याचा नोंदणी क्रमांक. क्रमांक कुणाचा ते काकांच्या कपाटातल्या एका वहीत, आणि ती गरज पडल्याशिवाय उघडायची नाही असा मंडळाचा नियम. कारणं वाचून करमणूक होते. ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणजे मुलगी पसंत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं.
यादी लावताना मशीन दोनदा बंद पडलं. पडद्यावर ‘के के के के’ अशी ओळभर अक्षरं उमटली आणि सगळं गोठलं. व्होल्टेजचा प्रकार असणार. उद्या स्टॅबिलायझर आणतो.

७ नोव्हेंबर, शनिवार.
व्होल्टेज नव्हे. दुपारी झाकण उघडलं. तापून सैल झालेल्या चिपा अंगठ्यानं एकेक दाबून बसवल्या, उदबत्तीची राख झाडली, ‘के’चं बटण काढून स्पिरिटनं पुसलं, फ्लॉपी बदलली. तरी पुन्हा तेच. काकांनी मान वर न करता विचारलं, “अरे, दुरुस्त करतोयस की वाट लावतोयस?” कंपनीत चार माणसं मला विचारून पुढे जातात आणि इथं माझी ही शोभा.
मग शहाण्यासारखं केलं. बंद पडलं की कुठं पडलं ते टिपत गेलो. सहा वेळा पडलं, सहाही वेळा यादी एकाच कार्डाशी आली असताना. ४१८. ते काकांनी स्वतः भरलेलं, मी येण्याआधी. म्हणजे दोष मशीनमध्ये नाही, नोंदीत आहे. उद्या मूळ कार्ड पाहतो.

८ नोव्हेंबर, रविवार.
कार्ड काढलं. कुंदा. घाटकोपर. जन्मवेळ पहाटे पाच पंचवीस.
हे इथं लिहितो, दुसरीकडे कुठं लिहिणार? चार वर्षांपूर्वी मी कोर्ससाठी घाटकोपरला मामाकडे राहत होतो. याच मंडळातून कुंदाचं स्थळ आलं (तेव्हा मंडळ काकांकडे नव्हतं), तिला पाहिलं, होकार दिला, पवईच्या तलावावर दोनदा फिरायलाही गेलो. हुशार होती. माझ्या बढायांना खुदकन हसायची. बोलताना अडखळायची, सर्वांत जास्त स्वतःचं नाव सांगताना. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मग तलावावर कोर्सचे मित्र भेटले. तिनं नाव सांगायला तोंड उघडलं, कु कु करत राहिली, आणि त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी पुढे चालू लागलो, जशी ती माझ्याबरोबर नव्हतीच.
पत्रिका तर आधीच जुळलेली. मग नकार कशावर द्यायचा? आईला मीच सुचवलं. आईनं मंडळाला कळवलं की मुलीकडच्यांनी जन्मवेळ खोटी दिली. कार्डावर तसंच आहे. ‘कारण: जन्मवेळ खोटी. क्र. ७१२.’
सातशे बारा मी.

९ नोव्हेंबर, सोमवार.
काकूंना सहज विचारल्यासारखं विचारलं. कुंदा गेली. दोन वर्षं झाली. त्या नकारानंतर त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. जन्मवेळ खोटी देणारं घर म्हणून शिक्काच बसला. कुंदानं बोलणं कमी केलं, मग सोडलंच. कावीळ झाली तीही कुणाला सांगितली नाही. डोळे पिवळे दिसले तोवर फार उशीर झाला होता.
आता तिच्या धाकट्या बहिणीचं, प्रेमाचं, जमत आलंय. मुलाकडचे रविवारी इथंच येणार आहेत. त्यांना एवढंच हवंय: थोरलीची वेळ खरंच खोटी होती का? काकू म्हणाल्या, तेव्हा दोनतीन स्थळं चालू होती, हे कुणी म्हटलं ते कुंदाच्या घरीही ठाऊक नाही; रविवारी वही उघडली की तो मेला ७१२ कोण ते कळेल, मग त्याचे पाय धरीन, की बाबा, एक खरं वाक्य बोल, पोरीचं लग्न होईल.
मी पोळीचा घास गिळला. वर आणखी एक पोळी मागितली. मला माझीच शिसारी आली.

११ नोव्हेंबर, बुधवार.
काका बाहेर गेले होते. नोंद ४१८ पुसली. कार्ड फाडलं. वहीतलं ७१२ चं पानही.
मशीन तीन तास न थांबता चाललं. काकांनी पेढे आणले, विचारलं, दोष सापडला का रे? सापडला म्हणालो. त्यांनी पाठ थोपटली.

१२ नोव्हेंबर, गुरुवार.
पुन्हा पडलं. आता कुठल्याही कार्डाला. प्रत्येक कार्डाची जन्मवेळ पाच पंचवीस दिसते. मी भरलेली नाही. नवी फ्लॉपी घातली, कोरी. तिच्यावरही.
आणि अक्षर आता के नाही. एन एन एन एन.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार.
प्लग काढून ठेवला. तरी आतून बारीक आवाज येतो, सुरू होतो, अडकतो, पुन्हा पहिल्यापासून. काकूंना ऐकू येत नाही.
ऑफिसात नवे साहेब आले. ओळख करून द्यायची होती. मला माझं नाव सांगता आलं नाही. शेजारच्यानं सांगितलं. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं — तसंच, जसं त्या दिवशी तलावावर मित्रांनी —

१४ नोव्हेंबर, शनिवार.
बोलणार. उद्या सगळ्यांसमोर. लाज गेली तर जाऊ दे, आहे कुठं शिल्लक? आरशासमोर म्हणून पाहिलं. कुंदाची जन्मवेळ खरी होती, खोटं बोललो ते — इथवर नीट येतं. पुढचा शब्द येत नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार.
चार वाजता आले. पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी विचारलं. काकांनी कपाटातून वही काढली. पान नाही. कार्डही नाही. ते गृहस्थ हसले, म्हणाले, बरोबर आहे, लपवायचं असेल तर असंच होणार.
मी उठलो. तोंड उघडलं. कु कु कु कु — एवढंच. दुसरं काही नाही. मुलाची बहीण तोंडावर पदर धरून हसायला लागली.
प्रेमा हसली नाही. वाट पाहत उभी राहिली, पूर्ण वेळ, मला बोलता यावं म्हणून. तिला सवय आहे.
ते उठून गेले. नकार. नकाराचं कारणही काकांना लिहून घ्यावं लागलं.

१६ नोव्हेंबर, सोमवार.
बोलता येत नाही. एक शब्द नाही. लिहिता येतं अजून. प्रेमाला चिठ्ठी लिहून देतो, ती घेऊन प्रेमा मुलाकडच्यांकडे जाईल. ७१२ लिहून काय उपयोग — पान मीच फाडलंय. नाव लिहायला हवं. पूर्ण नाव, सही.
इथं आधी लिहून पाहतो. हात बरा चालतोय.
कुंदाची जन्मवेळ पाच पंचवीस, खरी होती. तिच्या घरच्यांनी काही लपवलं नाही. मला तिची लाज वाटली म्हणून मी खोटं सांगितलं. मी, नं
मी नंद
मी नं नं नं
न न न न —