ओढ्यावरच्या चाळीस मनोल्या

तळेघर, ५ फेब्रुवारी २०२५

चि. वैजयंतीस हौशीराममामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला ओरडायला आवडत नाही, म्हणून पत्र. खाचराच्या बांधावरून घसरलो, घोट्याला प्लास्टर आहे. तुझी मामी म्हणते, आता पाखरंच येतील तुमाला मोजायला. पक्षिगणना आठ दिवसांवर आली. यंदा माझ्या जागी तू ये.

काम महत्त्वाचं आहे. देवळामागचं वेळूचं बेट तोडून गावाला मंडप बांधायचा आहे. लग्नात पावणं उन्हात बसतं, हे खोटं नाही. पण त्या बेटात रोज संध्याकाळी मनोल्या मुक्कामाला येतात. चिमणीएवढ्या, छातीवर ठिपके असलेल्या, भात टिपणाऱ्या. सरपंच गोकुळ माझा विद्यार्थी. तो म्हणाला, गुरुजी, त्या ओढ्याच्या झाडीतबी ऱ्हात असतील तर बेट तोडू, न्हाईतर मंडप दुसरीकडं हलवू. तुमचा आकडा आमाला मान्य.

तेव्हा एक संध्याकाळ बेटाजवळ बस, एक ओढ्यावर. मोजता आलं नाही तर आकड्याऐवजी फुली मार. फुलीची लाज नसते.

तुझा,
हौशीराममामा


अवसरी खुर्द, १८ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस वैजयंतीचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. मामीच्या नाचणीच्या भाकरीपुढे आता इथली पोळी घशाखाली उतरत नाही.

मामा, रविवारी संध्याकाळी ओढ्याकडे निघाले होते तर डोंगरकड्यावर दोन गिधाडं घिरट्या घालत होती! तुम्ही म्हणायचात, आठ वर्षांत दिसलं नाही. कड्यापर्यंत पळत गेले, फोटो मिळाला. आमच्या पक्षिनिरीक्षकांच्या गटातल्या सगळ्यांनी फोन केले. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या नोकरीत आजवर एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

यादी सोबत आहे. बेटात मनोल्या बासष्ट. ओढ्यावर चाळीस.

मामीला नमस्कार. पायावर जोर देऊ नका.

आपली,
वैजयंती


तळेघर, २४ फेब्रुवारी २०२५

चि. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

गिधाडांचं वाचून मामीला म्हटलं, पोरीनं नाव काढलं. ती म्हणाली, मेल्या ढोरावर बसणाऱ्यांचं काय एवढं!

पण मला खरा आनंद ओढ्यावरच्या चाळीसांचा. मला उगाच वाटत होतं, की बेट गेलं तर त्यांना जागा नाही. काल ग्रामसभेत काठी टेकत उभा राहिलो आणि तुझा आकडा वाचला. म्हटलं, माझी हरकत नाही. टाळ्या पडल्या. हट्टी म्हातारा म्हणून माझी ख्याती होती, तीही थोडी कमी झाली. पुढच्या सोमवारी बेट तोडतील.

तुझा,
हौशीराममामा


अवसरी खुर्द, ४ मार्च २०२५

ती. मामांस शि. सा. न.

पुढे काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून घडलं तसं लिहिते.

ओढ्यावर मी मनोल्या मोजल्या नाहीत. कड्यावरून उतरून तिथे पोहोचले तेव्हा अंधार पडला होता. झाडीत चिवचिव ऐकू आली, की ऐकू यावीशी वाटली, हे मला आजही ठरवता येत नाही. फुली मारली असती तर तुम्ही विचारलं असतं, कुठे होतीस. तीस कमी वाटले, पन्नास खोटं वाटलं. चाळीस लिहिलं.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. एक फोन केला असता तर बेट वाचलं असतं. गोकुळदादांचा नंबर काढला आणि लावला नाही. शनिवारी नाही, रविवारीही नाही. काय सांगू, याची वाक्यं जुळवत बसले. प्रत्येक वाक्यात मी थोडी बरी दिसत होते. काल सोमवार होऊन गेला.

हे सभेला सांगा, माझं नाव घेऊन सांगा. माझ्यावरचा लोभ उणावला असेल तर तेही कळवा.

वैजयंती


तळेघर, १२ मार्च २०२५

चि. वैजयंतीस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. लोभ उणावलेला नाही. राग आला, तो आहे.

बेट सोमवारीच तोडलं. गोकुळला बोलावून खरं सांगितलं. तो वहाणेकडे बघत म्हणाला, आदी सांगायचं ना गुरुजी, आता खड्डे खणले. तुझं नाव घेतलं नाही. आकडा मी वाचला, तेव्हा तो माझा. सभेतही तेच सांगणार आहे. मीही यादीबरोबर तुझं गिधाडांचं कौतुक वाचलं होतं. त्या संध्याकाळी तू कुठे होतीस हे त्यातच लिहिलेलं होतं. विचारलं नाही. मला चाळीस हवेच होते, म्हाताऱ्याला भांडणं नको झाली होती.

बेट तोडलं त्या संध्याकाळी मनोल्या आल्या. रिकाम्या जागेवर फिरत राहिल्या, मग विजेच्या तारेवर बसल्या. अठ्ठावन्न. दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत. ओढ्यावरही चार संध्याकाळी मामीचा हात धरून जाऊन बसलो. तिथे एकही नाही.

तू यादी दुरुस्त करून पाठव. मी मोजलं ते वेगळ्या तारखांनी लिहिलंय. तुझ्या तारखेला फुलीच राहील.

पुढच्या फेब्रुवारीत ये. मंडपामागे बसून मोजायचं आहे. बहुधा काही येणार नाही. पण शून्य लिहायलाही अंधार पडेपर्यंत बसावं लागतं, आणि एकट्यानं बसणं मला आता जमायचं नाही.

तुझा,
हौशीराममामा