बोटीच्या शेपटातलं सपाट पाणी

१२ जानेवारी, सोमवार
डायरी गेल्या वर्षीची, बँकेची, कोरी राहिलेली. रोज छापील वारावर काट मारून पुढचा वार लिहायचा, एवढंच. चांगला कागद टाकवत नाही. डाव्या पानावर हिशेब, उजव्यावर हे असलं.
उपवास. कनकेश्वरच्या पायऱ्या चढून आले. उतरताना गुडघा बोलला.
सं. ६ ला मनूचा फोन, विमान चालवायला शिकते तिथून. आज एकटीने विमान तीनदा वर नेलं, तीनदा उतरवलं. एकवीस वर्षांची पोर, दोन माणसांचं विमान, शेजारची खुर्ची रिकामी. मी नेहमीचं विचारलं, जेवलीस का. ह्यांनी त्यांचं नेहमीचं, "वारा कुठला व्हता?" मग बापलेकीचं वाऱ्यावर दहा मिनिटं. मला त्यातलं निम्मं कळत नाही, पण भाजी निवडत ऐकत बसायला बरं वाटतं.
शेजारची रंजना कुंपणावरून, "पोरगी वर गेली, जावई कधी खाली उतरतोय?" म्हटलं, धावपट्टी मोकळी नाही अजून.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत नि एकादशी एकाच दिवशी. तिळगूळ केला, चाखला नाही. गोडाचा अंदाज रंजनाला विचारून.
मनू दोन मिनिटं बोलली.
"जेवलीस?"
"हो."
"वारा कुठला व्हता?"
"नव्हता, बाबा." ठेवला.
हे फोनकडे बघत राहिले. "पोर वाऱ्याबद्दल बोलली न्हाय."

१६ जानेवारी, शुक्रवार
काल फोन नाही. आज मीच केला. मागे विमानांची घरघर नाही, मुलींचा गलबला नाही. खोलीत होती. "सुट्टी आहे गं." दुपारच्या वेळी, आठवड्यामधे? पण विचारलं नाही. आवाज तापातून उठलेल्यासारखा.

१७ जानेवारी, शनिवार
स. ११. हे होडीवर गेलेले असतात हे बघूनच मनूने फोन केला. पहिलं वाक्य, "बाबांना सांगायचं नाही, शपथ घे." शपथ घेतली नाही, पण ऐकलं.
मंगळवारची गोष्ट. सकाळी एकटी फेऱ्या मारत होती. तिथे दिवसातून एकदा प्रवाशांचं मोठं विमान येतं. ते उतरायला लागलं, मनू त्याच्या मागे. टॉवरवरून सांगितलं, मोठ्याच्या मागे आहेस, हवेला सांभाळ. ही म्हणाली, हो. मोठं विमान गेलं की त्याच्या दोन्ही पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे फिरत राहतात. दिसत नाहीत. हळूहळू खाली बसत जातात. म्हणून लहान विमानाने त्याच्या वाटेच्या वरून यायचं, नि ते जिथे टेकलं त्याच्याही पुढे टेकायचं. हे सगळं तिला पाठ. परीक्षेत बरोबर लिहिलं होतं.
"मग गं?"
"हाताने चूक केली, आई. मी खाली गेले. बरोब्बर त्याच्या शेपटात."
जमीन जवळ, आणि डावा पंख एकदम खाली. विमान कुशीवर. खिडकीत आभाळाच्या जागी शेत. म्हणाली, शेतात एक लाल ओढणी वाळत घातली होती, ती अजून दिसते.
मी खाली बसले. फोन कानालाच.
पण पोरीने सोडलं नाही. सगळा जोर दिला, पंख उलट दाबून सरळ केला, उतरणं सोडून वर निघाली. पुन्हा लांबून वळसा घेतला. या वेळी उंचावरून आली, नि मोठ्याची चाकं टेकली त्याच्या पुष्कळ पुढे टेकली. नीट. एक उसळी नाही म्हणे. इंजिन बंद केल्यावर मात्र पट्टा सोडायला बोटं चालेनात.
तेव्हापासून वर गेलेली नाही. विमान शिकवणारे सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, खाली का गेलीस ते खरं लिहून दे. हिने लिहिलं, नजरचूक.
"आणि खरं काय?"
मग, "बाबा काय शिकवायचे? मोठ्या बोटीच्या लाटा कापत बसू नको. तिच्या शेपटात घुस. तिथे पाणी पाट्यासारखं."
दहाव्या वर्षापासून सुकाणू धरून तेच शिकली. हवेतही हात तिथेच गेला.
"बाबांना कळलं तर ते..."
सर अठ्ठावीसला सोबत घेऊन वर जाणार आहेत, त्याच मोठ्या विमानाच्या वेळेला. ती गेली तर पुढे सगळं. नाही म्हणाली तर सामान बांधून घरी.

१८ जानेवारी, रविवार
अमावास्या. देवापुढे बसले, पण काय मागायचं ते ठरेना. परत वर जाऊ दे म्हणू की जाऊ नको दे म्हणू? आईने कुठलं मागावं?
शेवटी म्हटलं, हरिहरेश्वरा, तिची भीती तेवढी काढ, मग तिला काय वाटेल ते करू दे. तुझी प्रदक्षिणा करीन, समुद्राकडून, पूर्ण. तोवर चहात साखर बंद. देवाचंही होतं, साखरही वाचते.

२० जानेवारी, मंगळवार
बिनसाखरेचा चहा म्हणजे औषध. तिसरा दिवस.
हे विचारतात, मनूचं काय चाललंय. मी म्हणते, अभ्यास. लग्नाला चोवीस वर्षं झाली, मला खोटं जमत नाही. भात दोनदा लागला.
मोठी होडी तिच्या शिक्षणासाठी विकली तेव्हा हे एका शब्दाने बोलले नाहीत. आता लहान होडीने मांडव्याला नांगरलेल्या यॉटींवर माणसं नि सामान पोचवतात. एकच कौतुक सांगतात सगळ्यांना, पोरीला हवा कळते, माझ्याकडून शिकली.
तेच कसं काढून घेऊ?

२२ जानेवारी, गुरुवार
माघी गणपती. करंजाला बहिणीकडे दर्शनाला. होडीनेच गेलो. मोदक डब्यात, नारळ पिशवीत.
निघालो तोच मुंबईहून येणारी मोठी फेरीबोट आडवी. तिच्या दोन्ही बाजूंनी लाटा नांगरटीसारख्या. मी काठ धरला. हे हसले, "घाबरतंस काय, एवढी वर्षं माझ्यासंगं." आणि सुकाणू वळवलं, लाटेच्या आत शिरले, बोटीच्या मागे. एकदम शांत. फेस नुसता, हेलकावा नाही. "बघ. पाट्यासारखं."
मला रडू फुटलं. थांबेना.
"काय झालं? आणि चहात साखर कधीपासून सोडलीस, ते पण सांग. डबा भरलेलाच हाय."
म्हणजे बघत होते.
सगळं सांगितलं. तिथेच, पाण्यात. ह्यांनी इंजिन बंद केलं. होडी वाहत राहिली. डबा पायाजवळ घसरत आला, तो मांडीवर घेऊन बसले. किती वेळ, माहीत नाही.
मग, "म्हंजे मी बुडवली असती तिला."
म्हटलं, बुडवली कुठे, वर आली ना ती.
मग कपाळाला आठी घालून, "त्या दिवशी वारा नव्हता म्हणाली. मग ते भोवरे जातील कुठं? तिथंच बसणार." पुन्हा थोड्या वेळाने, "पाण्याला वरची बाजू असते गं. लाट तिथंच राहते. हवेला कुठली वरची बाजू."
मी बघत राहिले. हे रडतही होते नि विचारही करत होते.
करंजाला पोचलो. हे गणपतीसमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे. मोदक खाल्ला, ही खूण चांगली.

२३ जानेवारी, शुक्रवार
स. फोन ह्यांनीच लावला. स्पीकरवर. मला वाटलं, माफी मागतील, मनू रडेल, सगळं भिजेल.
"मने, वारा कुठला हाय तिथं?"
मग, "आईने सांगितलं."
"सांगितलं. आता तू सांग. मला ते भोवऱ्याचं समजलं न्हाय नीट. बोटीचं मी तुला शिकवलं. विमानाचं तू मला शिकव."
"बाबा, तुमची चूक नाही..."
"चूक कुणाची ते मागनं. आधी सांग, भोवरा कुठल्या बाजूनं फिरतो?"
आधी तुटक तुटक बोलली. हे मधेच अडवायचे. किती वेळ राहतो? कडेचा वारा असेल तर कुठं सरकतो? मोठं विमान कुठं टेकलं ते तुला दिसतं कसं? दोन मिनिटांत पोरीचा आवाज बदलला. "नाही बाबा, असं नाही, ऐका आधी." रागावली त्यांच्यावर! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आपल्या आवाजात बोलली.
ह्यांनी कोळशाने ओट्यावर चित्र काढलं. मोठं विमान, खाली उतरणाऱ्या दोन गुंडाळ्या, त्यांच्या वरून लहानाची वाट. मग हाताचा पंजा सपाट धरून तीच वाट हवेत काढून बघितली, वरून, लांब. तीनदा.
फोन ठेवताना म्हणाले, "सरांना खरं लिही. माझं नाव घाल. नीट घाल, पूर्ण."
ओटा पुसलेला नाही. राहू दे.

२५ जानेवारी, रविवार
मनूने कागद बदलून दिला. तिने वाचून दाखवला. ‘माझे वडील होडी चालवतात. पाण्यात मोठ्या बोटीच्या थेट मागे सुरक्षित असते. घाईत मी तेच केले. नियम मला माहीत होता, हात जुना होता.’
हात जुना होता. माझी दहावीच, पण हे वाक्य मला कधी सुचलं नसतं.
सर म्हणाले म्हणे, नजरचुकीतून कुणी काही शिकत नाही, यातून सगळी मुलं शिकतील. वर्गात वाचला. आता मुलं हिला टांडेल म्हणतात, होडीवरचा कप्तान. सांगताना हसत होती. हे बाहेर जाऊन रंजनाच्या नवऱ्याला सांगून आले, नावासकट, स्वतःच्या चुकीसकट.
वर जाणार का, विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

२८ जानेवारी, बुधवार
स. पासून देवघरात. फुलवात एकच, ती पुरवून पुरवून.
१० वा. फोन. गेली! सर शेजारी बसलेले. मोठं विमान पुढे. हिच्या तळव्यांना घाम, दोनदा पुसले. ते कुठे टेकतंय ते मोठ्याने बोलून ठेवलं, उंच राहिली, पुढे टेकली. खाली आल्यावर सर एवढंच म्हणाले, "मी कशाला आलो होतो?"
"भीती गेली का गं?"
"नाही. पण बसली खाली, सरांच्या बाजूला." तिचं हे बोलणं मला नीट कळलं नाही, पण आवडलं.
एकटीने मात्र मंगळवारी. त्याच वेळेला. तेच खरं.
साखर अजून बंद. नवस अर्धा फिटत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार. हरिहरेश्वर
काल एस.टी.ने आलो. हे स्वतःहून म्हणाले, मी पण येतो. डायरी पिशवीत होती, देवळाच्या पायरीवर बसून लिहिते आहे.
आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, रीतीप्रमाणे. मग प्रदक्षिणेला खडकांवर उतरायचं. ती ओहोटीलाच होते, भरतीला पाणी वाटेवर येतं. ह्यांनी तिथीवरून वेळ काढलेली, आठच्या सुमारास. मी साडेसातलाच निघाले. मनूचं विमान नवाला, त्याआधी देवाला गाठायचं.
"थांब. पाणी हाय अजून."
"एवढंसं तर आहे."
"एवढंसंच असतं." आणि दगडावर बसले. मग मीही बसले. तेवढ्यात एक लाट वाटेवरून फिरून गेली, गुडघ्याएवढी. ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चांगलं माणूस.
सव्वाआठला निघालो. खडक जाळीसारखे झिजलेले, शेवाळ. ह्यांनी हात धरला, लोक असून. फोनला रेंज नाही. काळभैरवाला परत येईपर्यंत नऊ वाजून गेले.
पिशवीत बघितलं तर मिस कॉलचा मेसेज एक, मधेच क्षणभर रेंज आली तेव्हा पडलेला. मनूचा. ९.१०. म्हणजे ती जमिनीवर आहे. विमानातून थोडीच फोन करणार?
हे म्हणाले, "मोठं विमान उशिरा असंल तर? जायच्या आधीचा असंल."
परत लावला, लागत नाही. हे फोन घेऊन वर रस्त्याकडे गेले, तिथे रेंज येते म्हणतात. नारळ फोडला, अर्धा देवाला, अर्धा रुमालात, चटणीला.
समोर पाणी अजून मागेच आहे. काय असेल ते असो, मनात फोनवर ऐकलेलं ते शेत नाही, लाल ओढणी नाही. ओट्यावरचं कोळशाचं चित्र आहे.
हे दिसले. उतारावरून येतायत. तोंड लांबून कळत नाही. उजवा हात वर आहे, पंजा सपाट. उन्हासाठी डोळ्यांवर धरलाय की ओट्यापाशी काढली तीच वाट दाखवतायत, ते अजून कळत नाही.
चाल मात्र भरभर आहे.