सव्वा लाखाचा डबा

३ मार्च
आठ वर्षांत पहिल्यांदा मला सोलो मिळाला! आमच्या बँडचे कर्तेधर्ते म्हणजे दातांचे डॉक्टर. गातात आणि गिटारही वाजवतात. तीस तारखेला त्यांच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन आहे, तिथे चाळीस सेकंद फक्त मी आणि माझी गिटार. अडचण एकच. माझी गिटार आजवर कोणाला ऐकूच आलेली नाही. मेव्हणा ड्रमवर बसतो आणि घण घालतो. उपाय: बूस्ट पेडल. पायाने दाबलं की आवाज दुप्पट. विकतचं आणणार नाही, घरीच बनवणार. दोन दिवसांचं काम.

९ मार्च
दोन दिवसांचं काम चालू आहे. आज सोल्डरिंग. अंगठा भाजला. टेबलक्लॉथही, पण थोडाच.

१० मार्च
थोडाच नव्हता, असं बायकोचं म्हणणं.

१४ मार्च, संध्याकाळ
ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात आणि पुढची-मागची बाजूही असते. हे आधी सांगायला नको? उलटा बसला होता. काढून सरळ केला. आता तो खरा उलटा झाला. पुस्तकातलं चित्र खालच्या बाजूने काढलेलं असतं म्हणे! असली चित्रं काढणाऱ्याला समोर बसवून दोन शब्द सुनावायचे आहेत.

१८ मार्च
झालं!! बायकोच्या बटणांच्या पत्र्याच्या डब्यात सगळं मावलं. (बटणं तात्पुरती माझ्या बुटात.) पायाने दाबलं तर चिडीचूप. घाबरलो. पुन्हा दाबलं, आणि काय आवाज! गोल, भरदार, ऊबदार. डोळे भरून आले. बायकोला फरक कळला नाही. तिला गाण्याचा कान नाही. मात्र म्हणाली, अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची, झाकलेलीच राहू द्या. तिच्या तोंडून एवढं कौतुक! लगेच झाकणावर पांढऱ्या रंगात नाव घातलं: ‘सव्वा लाख’.

२२ मार्च
आवाज रोज खुलतोय. ट्रान्झिस्टर मुरावा लागतो, हा माझा शोध. सोलोचा सराव उद्यापासून.

२५ मार्च
सराव उद्यापासून.

२७ मार्च
बायकोने सहज विचारलं, यात सेल कुठे असतो? झाकण उघडून दाखवायला गेलो. सेल नव्हता. मी घातलाच नव्हता. म्हणजे नऊ दिवस गिटारचा आवाज डब्यात शिरून जसाच्या तसा बाहेर येत होता. तरीही इतका ऊबदार! मग सेल घातल्यावर काय होईल?

घातला. दाबलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. बायको हातातली बटणं टाकून पळाली. मी खोलीभर नाचलो!

आता सराव करणार नाही. सेल वाचवायला हवा.

३० मार्च, सकाळी
इस्त्रीचा शर्ट. नवा सेल. आज जग ऐकेल.

३० मार्च, दुपारी
जगाने ऐकलं. चाळीसच्या चाळीस सेकंद, एकूण एक सूर लख्ख. बाकावर बसलेल्या एका आजोबांना वाटलं, आत दात कोरायचं मशीन सुरू झालं. ते उठून घरी गेले. मेव्हण्याचे हात थांबले. म्हणाला, भावोजी, आठ वर्षं तुम्ही हेच वाजवत होता? सांगितलं, हाताला घाम आला होता. खरं म्हणजे नव्हता आला. रोज असंच वाजवतो, आज ऐकू आलं एवढंच. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

बायकोने झाकणावरचं नाव तेवढं बोटाने पुसून बघितलं. पक्का रंग आहे.

३१ मार्च
डॉक्टरांचा फोन! आवाज अगदी मऊ, दात काढायच्या आधी असतो तसा. म्हणाले, पेडल अप्रतिम जमलंय, त्यांच्या गिटारला लावून बघायचंय. पुढच्या सरावाला मी आलंच पाहिजे. ‘सव्वा लाख’ विसरायचं नाही.

गिटार घरी ठेवली तरी चालेल.