आईच्या गाण्यातली सूं-सूं

जळगाव,
१४ जुलै २०२५

प्रेमराजभाऊस,

कामिनीचा नमस्कार. इकडे सगळे बरे. वेलाला दोडके लागलेत, वहिनीला आवडतात, पण धुळ्याला पोचवणार कोण? काल तू बोलता बोलता फोन आपटलास, म्हणून लिहितेय. पत्र फाडलंस तरी आधी वाचशील.

"आईच्या गाण्यातली सूं-सूं काढ, नाहीतर मी काढतो," म्हणालास. नाही काढणार! तुझा स्टुडिओ असेल मोठा, पण ती सूं-सूं मी मुद्दाम घातली आहे.

कानबाईच्या सणाला भाऊबंदांत वाटायला गाण्याच्या डब्या तूच ठरवल्यास, स्वस्तातल्या. त्यांच्या चिपमध्ये आठच बिट. म्हणजे आवाजाला पायऱ्या कमी. मधलं जे असेल ते जवळच्या पायरीवर ढकलायचं. मोठ्या आवाजात ते खपून जातं. हळू आवाज मात्र आधी खरखरतो, मग मुकाच होतो. म्हणून ढकलण्याआधी थोडी सूं-सूं मिसळायची. चाळणी हलवली की पीठ उतरतं, तसा हळू आवाज तिच्यातून उतरतो. वर तीही मी कानाला कमी टोचेल अशा बारीक सुरात सरकवली. आणखी काय करू?

तू नमुना म्हणून पाठवलेली 'साफ' फाइल ऐकली. गाणं संपतं आणि आईही तिथेच संपते. मला रडू नाही आलं, संताप आला.

रेकॉर्डिंग तिच्या शेवटच्या कानबाईचं. ढोलामुळे मी रेकॉर्डिंगची लेव्हल खाली ठेवली होती. गाणं झालं, बाया उठल्या, आई चुलीकडे गेली, रेकॉर्डर तसाच चालू. कानबाईच्या प्रसादाचे रोट खायला सगळे भाऊबंद जमले होते. तू सोडून. का आला नाहीस, ते मी विचारत नाही. तिनेही नव्हतं विचारलं.

तिने एवढंच विचारलं. माझ्या फाइलच्या अगदी शेवटी, सूं-सूंच्या खाली, कान देऊन ऐक:

"बठ्ठा उनात. मना प्रेम उना का व?"

सगळे आले होते, पण तिला तिचा प्रेम आला का, तेवढंच हवं होतं.

तू सूं-सूं ऐकलीस आणि फाइल बंद केलीस. इथवर आलाच नाहीस.

डब्या भरायला माझीच फाइल दिली आहे. रागाव, ओरड, काय वाटेल ते कर. ती गेल्यानंतर यंदा पहिल्यांदाच रोट होणार आहेत. तुझी डबी मी कुरिअरने पाठवणार नाही. इथे येऊन हातात घे.

आणि ती जे विचारतेय त्याचं उत्तर मला फोनवर देऊ नकोस. रोटाला ये, तिला दे.

तुझी, तिच्याइतकीच हट्टी,
कामिनी