वाजवून पाहिलेला पाव

९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचं पत्र मिळालं. इकडे ठीक आहे. बाबांचा उजवा हात अजून उचलला जात नाही, जीभ मात्र ठणठणीत आहे. भट्टीचं दार बदललं. नवं करकरत नाही, त्यामुळे मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

अकरा वर्षांनी आलास, दोन दिवस राहिलास. नकाशे काढणारा माणूस तू, पण भट्टीपाशी येऊन एक पाव उलटा केलास, बोटाने वाजवलास आणि म्हणालास, "कच्चा आहे, अजून चार मिनिटं." बरोबर निघालं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "खाण तशी माती," ते सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "हे रक्तातच असावं लागतं." मी शेजारी पिठाने माखून उभा होतो. तीस वर्षं तिथेच उभा आहे.

मी पाच वर्षांचा असताना मला दत्तक घेतलं आणि दोन वर्षांनी तू झालास. आत्या माझ्याकडे बघून म्हणायची, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. मी हसायचो. त्या दिवशी हसू आलं नाही. खरं सांगतो, नुसता जळफळाट झाला. तुझं बोट पोळावं असंही मनात येऊन गेलं.

तू विसरलास. सहा वर्षांचा होतास, गोवर येऊन गेला होता म्हणून शाळा बंद. तुला पिठाच्या पोत्यावर बसवून मी शिकवलं: आवाज भरीव आला तर कच्चा, पोकळ आला तर झाला. बाबा पाव वाजवत नाहीत रे, ते वासावरून ओळखतात. मला तो वास कधी कळलाच नाही, म्हणून मी वाजवायला लागलो. त्यांच्या डोळ्यांदेखत इतकी वर्षं वाजवतोय, त्यांच्या लक्षात आलं नाही.

आता टाळत होतो ते लिहितो. तू गेल्यावर बाबांनी तुला पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं. नोकरी सोड, ये आणि भट्टी तू सांभाळ, असं त्यात आहे. माझ्याच अक्षरात. ते तीन आठवडे मी दडवून ठेवलं. सोबत पाठवतोय.

तुला वाजवायला मी शिकवलं, हे मी बाबांना सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर त्यांना तो हेवा वाटेल, आणि आहेच. तुझं त्यांना पटेल.

यायचं तर ये, भट्टी घे. पण आधी त्यांना सांग, तुला कुणी शिकवलं.

तू यावंस की येऊ नयेस, हे न कळणारा, अजून तुझाच,
दादा