दादाच्या नावाची गोड बिअर

ती. वहिनींस,

नमस्कार. सवयीने आधी 'सौ.' लिहिलं, म्हणून कागद बदलला. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. धाकटी आता शांत झोपते का?

काल कारखान्यात आम्ही नव्या बिअरी चाखून गुण द्यायला बसलो होतो. मालकाने दादाने बनवलेली ती कडू बिअर आणली. नमुन्याच्या बाटलीवर दादाचं नाव, हसरा फोटो. घोट घेतला तर गोड. दादा असताना हा माणूस साखर वाढवा म्हणायचा, तेव्हा दादा म्हणायचा, "मग ती तुम्हीच प्या." आता नाही म्हणणारा कोणी उरला नाही.

मी दहापैकी एक गुण दिला.

मालक हसून म्हणाला, "अहो, सख्ख्या भावाला एवढे कमी?"

"भावाला नाही, तुमच्या सरबताला दिला," मी म्हणालो. आणि ग्लास खाली ठेवला.

नाव वापरायला तुमची परवानगी लागते. तो फोन करील, दादाच्या आठवणी काढून रडेलसुद्धा. त्याला हो म्हणू नका. माझ्या नोकरीकडे बघून तर मुळीच नको.

मुलांना जवळ घेऊन माझा आशीर्वाद सांगा.

तुमचा
धाकटा दीर