शिडीवरून दिसलं ते

गुरुवार. तारीख बावीस असेल, नाहीतर तेवीस. इथे कोणाला विचारावं तर तोही बोटं मोजत बसतो.

ताई,

तुला आणि आईला नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, हट्टाने विहिरीवर जाऊ नकोस.

आम्ही बरे आहोत, म्हणजे उभे आहोत. चिमीचा ताप काल उतरला आणि आज तिने आपणहून खायला मागितलं. पोरीने खायला मागितलं याचा आनंद मानावा की धसका घ्यावा, तेच मला कळेना.

भाऊजी कामासाठी घराबाहेर पडले त्यानंतर तुला त्यांचं पत्र आलं का गं? त्यांची खबर दर वेळी तू मला विचारतेस, आज मी तुला विचारते. नसेल आलं तर हे पत्र बसून वाच. आणि आईला फक्त हे पहिलं पान वाचून दाखव.

नाशपातीच्या बागेत काम मिळाल्याचं मी तुला कळवलं होतं. फळ ओढायचं नाही, तळहातात धरून वर उचलायचं, की देठासकट सुटतं. देठ तुटला की मुकादम ते फळ बाजूला फेकतो आणि आपल्याकडे असं बघतो, जणू त्याच्या पोराचा हात मोडला. गळ्यात पुढे पिशवी बांधतात. पहिल्या दिवशी संध्याकाळी खोलीत सासूबाई भरल्या पिशवीची नक्कल करत, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, या वयात मला दिवस गेले!" आमची पत्र्याची खोली आणि शेजारच्या दोन, सगळ्या हसल्या. भिंती एवढ्या पातळ आहेत, की एका खोलीतला विनोद तीन खोल्यांना पुरतो.

हे सगळं मी तुला लिहिलं होतं. बागेत शिरलो कसे, ते मात्र लिहिलं नव्हतं.

तीन आठवडे आम्ही टेम्पोतच राहत होतो. जिथे जावं तिथे एका झाडामागे दहा माणसं. मग एका सकाळी मुकादम रस्त्यावर आला नि म्हणाला, "आत्ता येता का? लगेच?" असं कोणी विचारल्यावर 'का' म्हणून विचारायचं असतं, हे तेव्हा सुचलंच नाही. बागेच्या फाटकाशी दोन्ही बाजूंनी पोलीस उभे होते आणि त्यांच्यामागे माणसं ओरडत होती. मला वाटलं, तीही आपल्यासारखीच कामाला आलीत, आमचा नंबर आधी लागला म्हणून चिडलीत. मी चिमीचं तोंड पदराखाली घेतलं आणि खाली मान घालून बसले.

भाऊजी भेटले नाहीत असं मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं ताई. तेव्हा ते भेटून दोन दिवस झाले होते.

दुपारच्या सुट्टीत मी कुंपणाजवळच्या नळावर कपडे धूत होते. तारेपलीकडून कोणीतरी म्हणालं, "ठके?"

मी ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. आवाज तेवढा त्यांचा.

"भाऊजी! तुम्ही इथे? तिकडे काय करताय?"

"बाहेर बसलोय. आठवडा झाला. मजुरी निम्मी केली म्हणून आम्ही शिड्या खाली ठेवल्या." मग म्हणाले, "आणि तुम्ही उचलल्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "आम्हाला माहीत नव्हतं हो. आम्हाला तर पूर्ण मजुरी देतात."

"आम्ही बाहेर आहोत तोवर देतील." ते रागावले असते तर बरं झालं असतं. घरी तुला बैलाबद्दल समजवायचे ना, तसं शांतपणे समजावत होते. "फळ झाडावर दोन दिवसही थांबणार नाही आता. उद्या एक दिवस तुम्ही आतले चढू नका. एवढंच. सगळ्यांना सांग."

मी म्हटलं, "चिमीला ताप आहे." ते म्हणाले, "बघ. जमलं तर."

मी हो म्हटलं, ताई. तोंडाने हो म्हटलं. तुझा निरोपही दिला, नुसतं एक पत्र टाका म्हणून. ते हसले नि म्हणाले, "काय लिहू? बसलोय म्हणून लिहू?"

खोलीवर येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "भाऊजी बोलतात ते खरं आहे. पण पोरीचं औषध?" दोन्ही वाक्यं खरी होती. दोन खऱ्या वाक्यांच्या मध्ये माणसाने उभं कुठे राहायचं, ते मला कोणी शिकवलेलं नाही.

शेजारच्या खोल्यांत मी कोणाला काही सांगितलं नाही. सकाळी शिडीवर चढले.

वरच्या पायरीवरून फाटक दिसतं. भाऊजी सगळ्यांच्या पुढे उभे होते आणि खोल्यांच्या रांगेकडे बघत होते, कामावर न जाता कोणी मागे थांबलंय का म्हणून. माझ्याकडेच बघत होते असं वाटलं, पण एवढ्या लांबून पानांत मी काय दिसणार? तेवढ्यात पोलिसांनी लाठ्या चालवल्या. भाऊजी खाली बसले. पडले नाहीत, बसले, डोकं दोन्ही हातांत धरून. मग त्यांना गाडीत घातलं.

आणि माझे हात चालूच होते, ताई. फळ धर, उचल, पिशवीत ठेव. एकही देठ तुटला नाही. त्या हातांकडे मी रोज बघते. हे माझेच ना?

फाटक रिकामं झालं आणि त्याच संध्याकाळी मुकादमाने सांगितलं, उद्यापासून निम्मी मजुरी. भाऊजी म्हणाले होते तस्सं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी आपली शिडी आडवी केली आणि तिच्यावर बसल्या. मुकादम म्हणाला, "आजी, उठा." त्या म्हणाल्या, "माझ्या सुनेच्या बहिणीचा नवरा तुम्ही मारून नेलात. मला उभं राहवत नाही." त्यांना हे सारं कधी कळलं कोण जाणे. भिंती पातळ आहेत. एकेक करून अकरा शिड्या आडव्या झाल्या, माझी सर्वांत शेवटी. दुपारपर्यंत आम्हीही बाहेर, पुन्हा टेम्पोत.

म्हणजे आम्ही उतरलो, पण एक दिवस उशिरा. याला उतरणं म्हणायचं का?

आज चौकीवर गेलो. शिपाई म्हणाला, "धरलेले सगळे नदीपलीकडे नेऊन सोडले."

मी विचारलं, "त्यात डोक्याला लागलेला एक उंच माणूस होता का?"

"बाई, लागलेलं सगळ्यांच्याच डोक्याला होतं."

उद्या सकाळी टेम्पो घेऊन पुलापलीकडे जातोय. हे म्हणतात, सापडल्याशिवाय ताईला कळवू नकोस. सासूबाई म्हणतात, आजच कळव. मी कळवतेय, पण तुला कळावं म्हणून, की माझ्या मनावरचं उतरावं म्हणून, ते मला ठाऊक नाही. भेटले तर आधी पाणी देईन. पुढे काय बोलायचं ते सुचत नाही.

नदीपलीकडच्या पोस्टाच्या पत्त्यावर उत्तर पाठव. शिव्या दे, पण पाठव.

इथे 'तुझी' लिहायला पेन टेकवलं होतं. ती जागा मोकळी ठेवते. पुढे काय लिहायचं ते तू ठरव.

ठकी